डॉक्टर व्हायचंय, मग शिकवणी घ्यावी का?

नीटची तयारी करता करता आठवी-नववी-दहावीच्या मुलांची शिकवणी घेतली, तर एमबीबीएसच्या प्रवेशाला तिचा हातभार लागतो का? निगडी, चिखली, मोशीपासून थेट चाकणपर्यंतचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक अलीकडे हा प्रश्न वारंवार विचारतात. भारतातल्या प्रवेशापुरतं उत्तर सरळ आहे : लागत नाही. शिकवण्याच्या अनुभवाला गुणवत्ता यादीत एकही गुण मिळत नाही. तरीही शिकवणी घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. तिचा फायदा अभ्यासात होतो आणि त्याहून जास्त पुढे, पेशंटसमोर बसल्यावर होतो. पण तो कसा घ्यायचा आणि कुठे थांबायचं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. वडील चाकणच्या एखाद्या प्लांटमध्ये कंत्राटावर, आई घरी डबे करून देते आणि मुलगी एक वर्ष थांबून पुन्हा नीट देतेय, अशा घराला चुकीचा सल्ला फार महागात पडतो.

हा प्रश्न इथे आला कुठून, तेही पाहू. त्याची एक वाट अमेरिकेतून आहे. न्यू जर्सीत राहणारी मामेबहीण दर रविवारी तिथल्या मराठी शाळेत लहान मुलांना अक्षरं शिकवते आणि मेडिकलच्या अर्जात ते लिहिते, हे इथल्या घरात ऐकलेलं असतं. दुसरी वाट परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांची. ‘प्रोफाइल भक्कम करा’ म्हणत ते अनुभवाची प्रमाणपत्रं गोळा करायला सांगतात. तिसरी वाट गरजेची आहे. रिपीटर बॅचची फी, टेस्ट सिरीज, जायचा-यायचा खर्च यासाठी मुलांना दोन पैसे मिळवायचे असतात आणि त्याच कामाचा प्रवेशालाही उपयोग झाला तर बरं, असं वाटतं. हे वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

आता इथली पद्धत. २०२५ च्या नीटला देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक वजा. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. या गुणांवरून देशभराची क्रमवारी लागते. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. राज्याच्या कोट्याचं काम मुंबईचा सीईटी सेल पाहतो. पुण्यातलं बी. जे. सरकारी, तळेगाव दाभाड्याचं मायमर खासगी, पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचं. तिघांची फी वेगळी, प्रवेशाच्या फेऱ्या वेगळ्या, पण दार उघडतं ते नीटच्या क्रमांकानेच. बारावीचे गुणसुद्धा केवळ पात्रतेपुरते लागतात : भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के. जिथे बारावीच्या ९५ टक्क्यांनाही गुणवत्ता यादीत वजन नाही, तिथे शिकवणीच्या प्रमाणपत्राला कुठून असणार?

पद्धत इतकी कोरडी का झाली, यामागे इतिहास आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहून प्रवेश मागितला. आपल्याकडच्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरची किती गरज आहे, हे त्यांनी त्यात मांडलं होतं. महाविद्यालयाने त्यांना घेतलं आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. माणूस पाहून प्रवेश देण्याची ही रीत आपल्याकडेही काही ठिकाणी होती. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज मुलाखत घेऊन विद्यार्थी निवडत असे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केली. तिच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत गांधीविचारांवर एक पेपर असे. पण मुलाखत म्हटली की तिच्यामागून वशिला आणि देणगीही आत शिरते, हे महाराष्ट्राने ऐंशीच्या दशकात जवळून पाहिलं. १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. पुढे नीट आली आणि २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी विनाअनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांनाही नीट बंधनकारक असल्याचा निकाल दिला. वेल्लोरचा खटलाही त्यातच होता.

सेवाग्रामचा तो पेपर गेला याचं मला वाईट वाटतं. सेवेची ओढ असलेला विद्यार्थी आणि नसलेला विद्यार्थी यांच्यात फरक करण्याची एक खिडकी त्यामुळे बंद झाली. पण भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या मुलीच्या बाजूने विचार केला, तर गुणांची कोरडी यादी हेच तिचं सर्वांत मोठं संरक्षण आहे. मुलाखतीत तिच्या इंग्रजीवरून, कपड्यांवरून, ओळखीपाळखीवरून तिला कुणी मागे ढकलू शकलं असतं. नीटच्या यादीत ते करता येत नाही.

म्हणून अर्जासाठी काही जमवायचंच असेल, तर अनुभवाच्या दाखल्यांऐवजी सरकारी दाखले जमवा. औद्योगिक पट्ट्यातल्या घरांचा घोळ इथेच होतो. इथली निम्मीअधिक वस्ती बाहेरून आलेल्यांची वाटावी, असे भाग आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्यांना जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यासाठी मूळ गावच्या जुन्या नोंदी लागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला जून-जुलैत धावपळ सुरू केली, तर फेरी हातची जाते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कुटुंबांनी तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवास प्रमाणपत्र आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. दहावी गावाकडे आणि बारावी आकुर्डीत, असं असेल तर आधीच सीईटी सेलची माहितीपुस्तिका उघडून आपण कुठे बसतो ते पाहा. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. अभिमत विद्यापीठांत आणि व्यवस्थापन कोट्यात ती मिळत नाही. वडिलांचा उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढणं हे त्यामुळे लाखो रुपयांचं काम आहे. असल्या एका कागदाला प्रवेशाच्या वेळी जी किंमत आहे, ती शिकवणीच्या दहा प्रमाणपत्रांना नाही.

या सगळ्याला अपवाद ठरणारी एक जागा मात्र आपल्या अगदी जवळ आहे. वानवडीचं सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी. १९४८ पासूनची ही संस्था. इथेही पहिली पायरी नीटचीच आहे. पण नीटच्या गुणांवरून निवडलेल्या मुलामुलींना पुढे पुण्यात बोलावून इंग्रजी भाषा, आकलन आणि तर्कशक्तीची वेगळी चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. मुलाखतीचे गुण अंतिम यादीत धरले जातात. इथे शिकवण्याचा अनुभव बोलू शकतो. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना तुम्ही जबाबदारी घेता का, अवघड माणसाशी कसं वागता, चूक झाल्यावर काय करता हे जाणून घ्यायचं असतं. ‘मी दोन वर्षं शिकवण्या घेतल्या’ एवढ्या वाक्यात यातलं काहीच नाही. ‘तीन मुलं अपूर्णांकात अडकली होती. त्यांना दहावीचं विज्ञान शिकवण्याआधी मला पाचवीचं गणित शिकवावं लागलं. एक मूल तरीही नापास झालं, त्याच्या घरी जाऊन मी पालकांशी बोललो,’ यात सगळं आहे. मात्र हे खरोखर घडलेलं असेल, तरच सांगा. पाठ केलेली सेवाभावाची गोष्ट दोन उपप्रश्नांत उघडी पडते.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेत मेडिकलला जाण्यासाठी आधी पदवी लागते. तिथल्या बहुतेक महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात विद्यार्थ्याने केलेली कामं लिहायला १५ जागा असतात आणि कामांच्या प्रकारांत ‘अध्यापन, शिकवणी’ हा स्वतंत्र प्रकारच दिलेला आहे. त्यातली तीन कामं सर्वांत महत्त्वाची म्हणून निवडून त्यांच्याबद्दल जास्त लिहिता येतं. म्हणजे न्यू जर्सीतल्या त्या मामेबहिणीचं म्हणणं तिच्यापुरतं अगदी बरोबर आहे. तरी तिथेही शिकवणी एकटी कुणाला तारत नाही. एमकॅट या प्रवेश परीक्षेचे गुण, पदवीचे गुण आणि दवाखान्यात रुग्णांसोबत घालवलेला वेळ यांच्या पाठीशी ती उभी राहते. भारतीय नागरिकाला इथून थेट तिथे प्रवेश मिळणं तर अतिशय कठीण, कारण अनेक सरकारी मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत. ब्रिटनमध्ये यूकॅट परीक्षा, अर्जातलं स्वतःबद्दलचं लेखन आणि मुलाखत अशी पद्धत आहे, आणि छोट्या छोट्या फेऱ्यांच्या मुलाखतीत एखादी गोष्ट समोरच्याला समजावून सांगायला लावतात. शिकवलेल्या मुलाला ते सोपं जातं.

जॉर्जिया, रशिया, कझाकस्तान, फिलिपिन्सकडे पाहणाऱ्यांनी मात्र ‘प्रोफाइल’साठी एक रुपयाही खर्च करू नये. परदेशात एमबीबीएस करून भारतात परतायचं तर नीटची पात्रता लागतेच. वर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि इंग्रजी माध्यम या अटी आहेत, आणि परतल्यावर इथली परवाना परीक्षा. यात शिकवणीचा दाखला कुणी मागत नाही. तो विकणारा सल्लागार भेटला, तर त्याच्या बाकीच्या सल्ल्याबद्दलही शंका घ्या.

आता शिकवण्याच्या खऱ्या फायद्याकडे येतो, कारण सांगण्यासारखं सर्वांत जास्त तिथे आहे. शिकवल्याने स्वतःचा विषय पक्का होतो, हे आपण सगळेच ऐकत आलो. ते कधी होतं आणि कधी होत नाही, हे संशोधनाने आता बरंच स्पष्ट केलंय. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन नेस्टोइको आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना उतारा देताना सांगितलं, हे तुम्हाला पुढे कुणाला तरी शिकवायचं आहे. बाकीच्यांना सांगितलं, यावर तुमची परीक्षा आहे. प्रत्यक्षात कुणालाच शिकवावं लागलं नाही, सगळ्यांची परीक्षाच झाली. पण शिकवायचं आहे या समजुतीने वाचणाऱ्यांना जास्त आठवलं आणि अधिक सुसंगत आठवलं. त्यानंतर २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. टिपणं न पाहता शिकवणाऱ्यांना फायदा झाला. समोर लिहून दिलेलं वाचून शिकवणाऱ्यांना तसा झाला नाही. म्हणजे फायदा येतो तो आठवून सांगण्याच्या कष्टातून.

याचा अर्थ शिकवणीत वही मिटून बोला. गाईड हातात धरून ‘हे लिहून घ्या’ म्हणत तासभर गेला, तर मुलांना थोडंफार मिळेल, तुमच्या नीटला काही मिळणार नाही. धडा आदल्या रात्री वाचा, मुलांसमोर पुस्तक न उघडता फळ्यावर आकृती काढा, अडलात तर ‘उद्या सांगतो’ म्हणा आणि घरी आल्यावर एनसीईआरटीच्या पुस्तकात नेमकी ती जागा उघडा. जिथे अडलात तिथेच तुमचा गुण जाणार होता.

काय शिकवायचं हेही महत्त्वाचं. पैसे जास्त म्हणून पाचवी-सहावीचे सगळे विषय घेतले, तर नीटच्या दृष्टीने तो वेळ गेला असं समजा. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ मध्ये मात्र सोनं आहे. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्यात प्रतिलेखन आणि भाषांतरण येतं. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’च्या पहिल्या भागात ग्लायकोलायसिस, क्रेब्ज चक्र, सूत्री आणि अर्धसूत्री विभाजन आहे, तर दुसऱ्या भागात प्रजनन. ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ तर नीटला जवळजवळ तसंच भेटतं, फक्त उदाहरणं वाढतात. जीवशास्त्राचे ९० प्रश्न म्हणजे ७२० पैकी ३६० गुण, आणि दोघांचे एकूण गुण सारखे आले तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहिले जातात. त्यामुळे शिकवणी घ्यायचीच तर दहावीच्या भाग २ ची घ्या. भाग १ मधला ‘कार्बनी संयुगे’ हा धडाही उपयोगाचा आहे. ‘गुरुत्वाकर्षण’ किंवा ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ शिकवून कल्पना स्पष्ट होतील, पण नीटच्या भौतिकशास्त्राला लागणारा वेग गणितं सोडवूनच येतो. ती तुमची तुम्हालाच सोडवावी लागतील.

आणि मुलांचे प्रश्न! दहावीचा मुलगा विचारतो, ‘लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, तर मग रक्तावरून डीएनए चाचणी कशी करतात?’ उत्तर पांढऱ्या पेशींत आहे, पण ते पटकन देता येण्यासाठी रक्ताचा पूर्ण धडा डोक्यात जुळलेला लागतो. मुलगी विचारते, ‘झाडं रात्री श्वसन करतात, तर दिवसा करत नाहीत का?’ दिवसाही करतातच, फक्त प्रकाशसंश्लेषणामुळे ते लक्षात येत नाही, हे समजावताना नीटमधले तीन-चार प्रश्न एका दमात पक्के होतात. असे प्रश्न एका वहीत लिहून ठेवा. नीटचे फसवे पर्याय बऱ्याचदा याच गोंधळातून बनवलेले असतात.

भाषेबद्दलही सांगायला हवं. इथली बरीच मुलं सेमी-इंग्रजीची आहेत आणि चाकण, महाळुंगे, भोसरीकडे शिकवणीत हिंदी बोलणारी मुलंही बसतात. तुम्ही मराठीत, मधूनच हिंदीत समजावता, आणि नीट इंग्रजीत देता. तासाच्या शेवटची पाच मिनिटं त्या दिवसाच्या इंग्रजी संज्ञा फळ्यावर लिहिण्यासाठी ठेवा. मुलांनाही अकरावीत त्या लागणार आहेत. नीट मराठीतूनही देता येते, मात्र प्रश्नाच्या अनुवादाबद्दल शंका आली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम मानला जातो, हे मराठी माध्यम निवडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आता नुकसानीकडे. शिकवणी वेळ खाते आणि ती अभ्यासासारखीच वाटत असल्यामुळे तो गेल्याचं कळत नाही. चार तास शिकवून आलेला विद्यार्थी ‘आज चार तास विज्ञान केलं’ असं स्वतःला सांगतो. तसं धरू नका. शिकवणीचे तास अभ्यासाच्या तासांत मोजायचेच नाहीत. माझं मत विचाराल, तर बारावीत असताना शिकवणी अजिबात घेऊ नये. त्या वर्षी वर्गातल्या मित्राला एखादा धडा समजावून सांगणं पुरेसं आहे आणि फायदा तोच मिळतो. अकरावीच्या आधीची सुट्टी यासाठी चांगली. एक वर्ष थांबून नीट देणाऱ्यांनी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, मिळून चार-पाच तास, यापुढे जाऊ नये.

याहून मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. शिकवणीवाल्याची मुलांना खरी गरज डिसेंबरपासून पुढे भासते. नेमका तोच तुमचा उजळणीचा आणि टेस्ट सिरीजचा काळ. नीट २०२४ आणि २०२५ मध्ये मेच्या पहिल्या रविवारी झाली. म्हणजे दोघांची घाई एकाच वेळी. बरेच जण जानेवारीत शिकवणी एकदम बंद करतात, आणि ज्या मुलाच्या वडिलांनी ओव्हरटाइम करून फी दिली, तो मुलगा परीक्षेच्या तोंडावर वाऱ्यावर पडतो. हे होता कामा नये. ते मूल तुमच्या उजळणीचं साधन नाही, त्याचंही एक वर्ष आहे. म्हणून जूनमध्येच पालकांना स्वच्छ सांगा : मी फक्त विज्ञान भाग २ शिकवणार, दिवाळीपर्यंत सगळे धडे पूर्ण करणार, त्यानंतर शिकवणी नाही. फीसुद्धा तेवढीच घ्या. पालकांना हे पटतं, कारण दिवाळीनंतर शाळेतच सराव परीक्षा सुरू होतात. पूर्ण वर्षाची जबाबदारी घ्यायची असेल, तर बीएस्सी करणाऱ्या एखाद्या मित्राला सुरुवातीपासून सोबत घ्या आणि दिवाळीनंतर वर्ग त्याच्याकडे द्या.

मोठ्या क्लासमध्ये ‘डाउट सोडवायला’ जाण्याबद्दलही बरेच जण विचारतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांनी पदवीपेक्षा कमी शिक्षण असलेले शिक्षक नेमू नयेत, असं त्यात म्हटलंय. बारावी झालेल्या मुलाला तिथे नेमलं, तर ते या सूचनांना धरून नाही, आणि पगारावरून वाद झाला तर त्याची बाजू लंगडी पडते. घरी पाच-सात मुलं घेणं त्यापेक्षा सुरक्षित आणि शिकण्याच्या दृष्टीनेही चांगलं.

घर शिकवणीच्याच पैशांवर चालत असेल, तर मात्र वरचे तासांचे हिशेब तुम्हाला लागू होत नाहीत. तिथे स्वतःशी प्रामाणिक राहा. एका वर्षात जमेल असा आग्रह धरू नका, तयारी दोन वर्षांत विभागा. नीटला सध्या वयाची वरची मर्यादा नाही आणि किती वेळा द्यायची यावरही बंधन नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत, एवढीच वयाची अट आहे. कमावत शिकणारा मुलगा एक वर्ष उशिरा डॉक्टर झाला, तर त्यात कमीपणा कसला?

शिकवण्याचं खरं चीज होतं ते प्रवेशानंतर. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. चांगल्या डॉक्टरकडून ज्या पाच भूमिका अपेक्षित आहेत, त्यात संवाद साधणारा ही एक स्वतंत्र भूमिका आहे, आणि वृत्ती, नीतिमत्ता, संवाद यांचे तास पहिल्या वर्षापासून असतात. पिंपरीच्या वायसीएमच्या किंवा चिंचवडच्या ईएसआयच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या डॉक्टरला हे रोज लागतं. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या मधुमेही कामगाराला ‘सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी एक गोळी’ सांगून उपयोग नाही. त्याची रात्रपाळी असेल तेव्हा सकाळ म्हणजे झोपायची वेळ. त्याच्या जेवणाच्या वेळा विचारून, त्यावर गोळ्या बसवून, ‘आता तुम्ही मला सांगा, कशा घ्याल?’ असं त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं लागतं. डॉक्टरांना ही पद्धत शिकवली जाते. शिकवणी घेतलेल्या विद्यार्थ्याला ती आधीपासून येते, कारण ‘समजलं का?’ या प्रश्नावर मुलं नेहमी ‘हो’च म्हणतात, हे त्याने अनुभवलेलं असतं.

पुण्यातच याचं मोठं उदाहरण आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना अतुल ढाकणे आणि त्यांच्या मित्रांनी २०१५ मध्ये ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ सुरू केलं. क्लासची फी न परवडणाऱ्या ग्रामीण आणि आदिवासी मुलांना एमबीबीएसचे विद्यार्थीच नीटसाठी शिकवतात. मेळघाटातल्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी ‘उलगुलान’ नावाची बॅच काढली. इथला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी स्वतः प्रवेश मिळवला, मग शिकवलं. नुकतीच ती परीक्षा देऊन आलेला, ग्रामीण भागाचं इंग्रजी कुठे अडतं हे माहीत असलेला मुलगा जे शिकवू शकतो, ते भल्याभल्या प्राध्यापकांना जमत नाही. एमबीबीएसनंतर वैद्यकीय महाविद्यालयात ट्यूटर म्हणून काम करायचं ठरवलं, तर तेव्हा शिकवण्याची ही सवय थेट नोकरीतही कामाला येते.

यंदा नीट देणाऱ्यांनी दिवाळीला फळा बाजूला ठेवावा आणि मेपर्यंत फक्त स्वतःच्या पेपरकडे पाहावं. आणि ज्यांना बी. जे., मायमर, डी. वाय. पाटील किंवा कुठेही जागा मिळाली आहे, त्यांना माझी विनंती आहे : महिन्यातले दोन रविवार चाकण, कुरुळी, नाणेकरवाडी, भोसरीतल्या मुलांसाठी काढा. तिथल्या खोल्यांमध्ये जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन बसलेल्या मुलांना ते समजावून सांगणारं माणूस हवं आहे.